रेवाच्या वाट्याची साखर

किडनीचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला माणूस असलं काही वाचायला घेतो, तेव्हा आधी शेवटचं पान उलटून बघतो. मीही तेच करायचे. तुमचा तेवढा त्रास वाचवते. मी धडधाकट बसून हे लिहिते आहे, रोज शाळेत जाते, नववीच्या पोरांना बीजगणित शिकवते, आणि आज तरी डायलिसिसच्या यंत्रावर गेलेले नाही. आता बसा निवांत.

एका नदीची दोन नावं

आम्ही दोघी जुळ्या, चेहऱ्यापासून पायाच्या नखापर्यंत सारख्या. बाबा इथे जबलपूरला फॅक्टरीत होते. दोन मुली एकदम झाल्या म्हटल्यावर त्यांनी एकाच नदीची दोन नावं दोघींना वाटून टाकली. मी नर्मदा, आणि माझ्या पाठोपाठ आलेली ती रेवा. मला घरात सगळे नमू म्हणतात. वर्गात मात्र मॅडम म्हणतात, आणि घाबरतात.

आईचा एक कायदा होता. घरात जे येईल ते एकीने वाटायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. पेढा असो, पेरू असो, नाहीतर नवीन पेन्सिल. यामुळे आमच्यात भांडणं झाली नाहीत असं आई सगळ्यांना सांगायची. पेरूचे अगदी बरोबर दोन भाग करायला मी जितकी शिकले तितकी भूमितीही शिकले नाही.

ज्याचे तुकडे होत नाहीत ते आळीपाळीने येतं, असं घरात नकळत ठरून गेलं होतं. गोवर मला निघाला, कांजिण्या तिला. टॉन्सिल माझे काढले, दातांना तार तिला लागली. एकीच्या वाट्याला आलं म्हणजे दुसरी सुटली. माझी लेक मुक्ता पोटात असताना मला साखर निघाली आणि बाळंतपणानंतरही मुक्कामाला राहिली, तेव्हा आईच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं, की चला, नमूच्या वाट्याला आली, रेवा सुटली. आईलाही साखर होती, तिच्या आईलाही. घराण्याचा दागिनाच तो, एकीकडेच जायचा. रेवाने ते मनोमन मान्य केलं आणि सुटलेल्या माणसासारखी खाऊ लागली. लग्न तिने केलं नाही. कांचघर भागातल्या तिच्या घरात ती राजासारखी राहते आणि घमापुरातल्या खोव्याच्या जिलबीवाल्याला तिचं पाऊल ओळखू येतं.

चपला

माझा आजार रेवाच्या पायाने शोधला. एका रविवारी ती मदन महलला आमच्याकडे आली होती. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची म्हणून माझ्याच चपला घालून निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली.

“नमू, तुझ्या चपला मला सैल काहून होऊन राहिल्या?”

मी म्हटलं, वापरून सैल झाल्या असतील. ती ऐकेना. लहानपणापासून आमच्या चपला, ब्लाउज, बांगड्या, सगळं एका मापाचं. तिने माझी साडी वर सरकवली आणि घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. स्वतःच्या घोट्यावर दाबला, तर लगेच भरून आला. आमचे हे पेपर वाचत होते, तेही उठून बघायला आले. प्रभाकरराव रेल्वेतून निवृत्त झालेत आणि घरात कुठेही गडबड दिसली की हातातलं टाकून तपासणीला येतात.

पायावर सूज येत होती हे मला माहीत होतं. पण फळ्यासमोर दिवसभर उभी राहणारी बाई मी, पाय सुजणारच, असं मीच मला समजावलं होतं. लघवीला फेस येत होता, त्याचीही मी काही तरी समजूत घातली होती. बीजगणित शिकवणाऱ्या बाईला समजुती घालायला वेळ लागत नाही.

मग तपासण्या झाल्या. किडनीच्या डॉक्टरबाई मोठ्या शांत होत्या. त्यांनी कागदावर दोन राजमे काढले आणि त्यातला बराचसा भाग पेनाने काळा केला. उरलेला पांढरा तुकडा म्हणजे माझ्या चालू असलेल्या किडन्या. पाचवा हिस्सा असेल नसेल. राजमा मला फार आवडायचा. त्या दिवसापासून तो ताटातूनही गेला आणि मनातूनही.

मी हिंदीत विचारलं, किती वेळ आहे. परीक्षेत पोरं विचारतात त्याच सुरात. त्या म्हणाल्या की नक्की कुणी सांगू शकत नाही. हा पांढरा तुकडा टिकला तर वर्षानुवर्षं टिकेल, आणि घसरला तर यंत्र लागेल, नाहीतर कुणाची तरी किडनी. बस, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, हा तुकडा टिकतो का.

परत येताना ह्यांनी स्कूटर रसवंतीसमोर थांबवली, एक ग्लास उसाचा रस मागवला आणि एकट्याने पिऊन टाकला. मला विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं, आणि ते फार ओशाळले. मला मात्र हसू आलं. माणूस घाबरला की काय करेल सांगता येत नाही.

टेप

मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. गेली कितीतरी वर्षं माझी साखर आटोक्यात होती. पहाटे उठून चालत होते, गोड सोडलं होतं. सुरुवातीच्या काळात मूल, नोकरी, सासर, यात साखरेकडे बघायला सवड झाली नव्हती हे खरं. पण नंतर तर मी शहाण्यासारखी वागले होते ना? पुढच्या भेटीत मी डॉक्टरबाईंना हेच ऐकवलं. वर हेही विचारलं की माझी जुळी बहीण आहे, रक्त तेच, आई तीच, तिला काही नाही, मग मलाच का?

त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन बाबांच्या फॅक्टरीच्या भाषेत बसवलं, तेव्हा कुठे मला समजलं. आमच्या वसाहतीत सगळी क्वार्टरं एका नकाशाची होती. तीच वायरिंग, तीच बटणं. आपली जनुकं म्हणजे ती वायरिंग. मी आणि रेवा म्हणजे शेजारशेजारची दोन क्वार्टरं. पण राहणारा माणूस एखाद्या बटणावर टेप लावतो, एखादं कायमचं चालू ठेवतो. वायरिंग बदलत नाही, पण एका घरात उजेड आणि दुसऱ्यात अंधार. जास्त साखर रक्तात खूप दिवस राहिली की ती अशाच खुणा जनुकांवर करून ठेवते. पुढे साखर खाली आली तरी काही खुणा तशाच राहतात आणि किडनी जुन्या सवयीने आजारी होत राहते.

“शरीर भूलता नहीं है, मॅडम,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पर नया भी सीखता है.”

काही टेप निघते, काही निघत नाही, कोणती कधी निघेल यावर अजून शोध चालू आहे, आणि या खुणा वाचून तुमचं भविष्य सांगण्याची सोय आज माझ्याकडे नाही, असंही त्यांनी साफ सांगितलं. मला त्यांचं हे आवडलं. माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर मला विश्वासाचा वाटतो.

हे सगळं मी रेवाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तू घरभर टेप लावून बसली आणि माझ्या घरी सगळे दिवे चालू आहेत. आणि हसली. मलाही तेव्हा ते पटलं.

बिनमिठाचा संसार

पथ्याची जबाबदारी आहारतज्ज्ञ प्रीतीवर होती. मदन महललाच तिचं छोटंसं क्लिनिक आहे. मुक्ताच्या वयाची पोरगी, पण वजनकाट्याशेजारी उभी राहिली की मला माझीच आठवण व्हायची. मीठ कमी, डाळ मोजून, पाणी मोजून, पापड-लोणचं बंद, बटाटा कापून उकळायचा आणि पाणी फेकून द्यायचं. बटाट्याचं असं काय करायचं म्हणून मी वाद घातला. तिने सांगितलं, तुमच्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते साठलं तर हृदयावर येतं. घरी येऊन मी बटाटे चिरून उकळायला ठेवले.

घरी खरा ताप ह्यांचा झाला. ते पोलिस झाले. माझा पाण्याचा तांब्या भरण्याआधी डोळे मिटून दिवसभरातले पेले मोजत पुटपुटायचे. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. एकदा मी आमटीची चव बघायला चमचा तोंडाला लावला, तर म्हणाले, गिळू नकोस. मी चमचा आपटला आणि दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर हे माझ्याच भांड्यातली अळणी भाजी वाढून घेताहेत. म्हटलं, हे काय? म्हणाले, तुला एकटीला कसं वाटत असेल ते बघतोय. कसं वाटतं, विचारलं. म्हणाले, अरे बाप रे.

त्यानंतर आमचं पुन्हा जमलं. पण पंधरवड्यात त्यांचा चेहरा इतका उतरला की मीच हुकूम काढला. तुम्ही तुमचं मीठ खा, पापड खा, फक्त दुसऱ्या खोलीत जाऊन खा, आवाज यायला नको. पापडाचा आवाज फार लांब जातो हो.

रेवाला बोलणी

एका संध्याकाळी प्रीतीचा फोन. आवाज कडक.

“आंटी, मैंने अपनी आँखों से देखा है. घमापुर में, दोने में खोवे की जलेबी. दो थीं.”

मी त्या वेळी घरात दुधीची भाजी चिवडत बसले होते. लगेच उमगलं. म्हटलं, बेटा, ती माझी जुळी बहीण. प्रीती म्हणाली, हाँ आंटी, सब पेशंट की कोई ना कोई बहन निकल आती है. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही तो नाहीच.

पण हे एकट्या प्रीतीवर थांबलं नाही. जबलपुरात मराठी माणसं तशी मोजकी, आणि माझ्या किडनीची बातमी सगळीकडे गेलेली. मराठी मंडळात आल्या-गेल्याकडून रेवाला बोलणी बसू लागली. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने तर बाजारात तिच्या हातातला समोसा काढून घेतला आणि म्हणाली, नर्मदाजी, बच्चों का तो सोचिए. रेवा सुरुवातीला समजावून सांगायची की मी ती नाही. मग कंटाळली. एक दिवस माझ्याकडे येऊन धपकन बसली.

“तुझ्यामुळे मला या गावात काही खाता येऊन नाही राहिलं. आजार तुझा, उपास माझा.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की हे दुसऱ्या खोलीतून पापड हातात घेऊनच आले.

नारळ

उन्हाळ्यात मला धाप लागू लागली. अंगात पाणी साठलं होतं. दवाखान्यात भरती केलं. दवाखान्याचं एक बरं असतं, तिथे सगळं ठरलेलं. सकाळी रक्त काढायचं, मग वजन, मग लघवी मोजायची, मग राउंड. दिवसभर मी सिस्टरच्या तोंडाकडे बघायचे आणि सिस्टर लघवीच्या मापाकडे. जास्त झाली की ती ‘वा’ म्हणायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

आणि मग भेटायला येणाऱ्यांचे नारळ सुरू झाले. आजारी माणसाकडे जाताना आपले लोक नारळपाणी नेतात, त्याला काय म्हणायचं? खाली फाटकाशीच नारळांची गाडी उभी. जो येई तो हातात शहाळं घेऊन. नारळपाण्यात पोटॅशियम ठासून भरलेलं, माझ्यासाठी ते विषच. पण प्रेमाने आणलेलं, नको कसं म्हणायचं? मी ते हसून घ्यायचे आणि माणूस जिना उतरला की हे पिऊन टाकायचे. मी बरी होईपर्यंत ह्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. हे वाचणाऱ्यांना एकच सांगणं, किडनीच्या माणसाकडे जाताना नारळ नेऊ नका. दोन विनोद घेऊन जा.

हसत होते, पण आतून मी फार घाबरले होते. पलीकडच्या वॉर्डातून यंत्रावर जाऊन आलेली माणसं व्हीलचेअरवरून यायची, थकलेली, डोळे मिटलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या की आता तयारी करून ठेवायला हवी. घरात कुणी किडनी देणारं आहे का ते बघा. मुक्ता लगेच पुढे झाली. मी तिला बोलूही दिलं नाही. तिचं वय काय, पुढे आयुष्य काय. ती रडली, मीही रडले, आणि तेव्हाच रेवा डबा घेऊन आत आली. तिने सगळं ऐकलं, डबा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

“दोन आहेत ना माझ्याजवळ? चल. मी वाटते, तू उचल. डावी का उजवी?”

मी तिचा हात धरून बसले. आईचा कायदा असा कधी वापरला जाईल असं आईलाही वाटलं नसेल.

तिचा रिपोर्ट

जुळ्या बहिणीची किडनी म्हणजे यापेक्षा चांगलं जुळणं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी घरी आले आणि रेवाच्या तपासण्या सुरू झाल्या. तिने आयुष्यात कधी रक्त तपासलं नव्हतं. काहून तपासायचं? ती सुटलेली होती ना. रिपोर्ट घ्यायला जाताना तिने नवीन साडी नेसली होती, बक्षीस घ्यायला जावं तशी.

डॉक्टरबाईंनी कागद वाचले, पुन्हा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. रेवाला साखर होती. किती दिवसांपासून कोण जाणे. आणि लघवीत प्रोटीन उतरायला लागलं होतं, अगदी थोडं, पहिली पायरी. किडनी देण्याचा प्रश्नच नव्हता.

रेवा लहान मुलीसारखं मराठीतच म्हणाली, “पण साखर तर नमूच्या वाट्याची आहे.”

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. मला कळलं. आई गेली त्याला किती वर्षं झाली, तिने केलेली ती वाटणी आम्ही दोघींनी खरी मानली होती. वायरिंग एक आहे हे मला समजलं होतं, मी ते सगळ्यांना ऐकवत फिरत होते, आणि तरी शेजारच्या क्वार्टरचं दार एकदा वाजवून बघावं हे मला सुचलं नाही. मला माझ्या पांढऱ्या तुकड्याचाही विसर पडला. मी विचारलं, हिचं काय होणार?

डॉक्टरबाई रेवाकडे वळल्या. आवाज तोच, शांत.

“बहुत जल्दी पकड़ में आया है. आप किडनी देने नहीं आतीं, तो मुझे कभी पता नहीं चलता. अब अपनी दोनों सँभालिए.”

बाहेर बाकावर बसल्यावर रेवा रडली. तिला स्वतःच्या साखरेचं वाईट वाटत नव्हतं. मला द्यायला काही उरलं नाही याचं वाटत होतं. मी तिला म्हटलं, येडे, तू माझ्या चपला घातल्या नसत्या तर मला कळलं नसतं, आणि मी आजारी पडले नसते तर तुला कळलं नसतं. अजून काय द्यायचं असतं बहिणीने बहिणीला? तर म्हणते कशी, किडनी. आणि नाक पुसत पुसत हसायला लागली.

माझ्या बाबतीत पुढे असं झालं की गोळ्या बदलल्या, पथ्य होतंच, आणि पांढरा तुकडा घसरायचा थांबला. दर रिपोर्टचं आधी शेवटचं पान उलटते, पण तो अजून तिथेच आहे. पुढे यंत्र लागेल, कदाचित लागेल. लागलं तर लागलं, तिथेही मी विनोद घेऊन जाईन. मुक्ताने आपली साखर तपासली, ठीक निघाली, आणि आता ती दर वर्षी तपासते. आमच्या घरात यापुढे कुणी सुटलेलं नाही, सगळे तपासतात.

रेवा आता रोज माझ्याबरोबर चालते. किल्ल्याच्या रस्त्याला चढ आला की डॉक्टरबाईंना शिव्या घालते. गेल्या महिन्यात तिचा रिपोर्ट आला. लघवीतलं प्रोटीन दिसेनासं झालं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, यावर निश्चिंत व्हायचं नाही. आम्ही झालो नाही, फक्त आनंदी झालो.

मागच्या आठवड्यात आमचा वाढदिवस झाला. वाढदिवसाला एक घास गोड, असं प्रीतीने मला लिहून दिलं होतं. रेवाला तिच्या पथ्यातही तेवढंच. दोघी मिळून घमापुरात गेलो आणि एक खोव्याची जिलबी घेतली. एकच. पानाचा दोना हातात घेतला तोच मागून ओळखीचा आवाज आला.

“आंटी!”

प्रीती होती. मी वळले. रेवाही वळली. पोरगी एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. शेवटी म्हणाली, अब मैं डाँटूँ किसको?

“दोनों को,” रेवा म्हणाली. “अब शुगर दोनों की है.”

मग तिने जिलबी मोडली. बरोबर मोडली नाही, एक तुकडा चांगलाच मोठा झाला. मुद्दामच केलं असणार, इतक्या वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता. दोना माझ्यापुढे धरला. उचलायची पाळी माझी होती. मी लहान तुकडा उचलला. रेवाने हातातल्या मोठ्याकडे बघितलं, तो पुन्हा मोडला आणि जास्तीचा प्रीतीच्या हातावर ठेवला. आता दोघींचे तुकडे सारखे होते.